या वेळी विचारून

उत्तन, १४ जून २०२५

ऑड्रे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवलं असशील, तर त्यात चूक तुझी नाही. फोडलं असशील तर एवढं वाच. पत्ता टॅनियानं दिला, पण त्याआधी चार महिने मी तुझ्या या मैत्रिणीच्या मागे लागले होते. राग तिच्यावर काढू नकोस. तुझा नंबर मी मागितला नाही. तू माझा नंबर बंद केलास तो विचार करून केलास. दुसऱ्याच्या फोनवरून तुला गाठणं म्हणजे कुंपणावरून उडी मारून आत येणं झालं असतं. पत्र बरं. नको असलं तर फाडता येतं.

माफी मागायला लिहीत नाहीये. ती मी पपांच्या मयताला मागायला हवी होती. कबरीच्या त्या बाजूला तू होतीस, या बाजूला मी. माती टाकून झाल्यावर तू टॅनियाच्या घरी भाईंदरला निघून गेलीस. मी फाटकापर्यंत आले होते, पुढे पाय उचलला नाही.

मी पुन्हा लिहायला लागणार आहे. हे दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी तुला कळायला हवं असं वाटलं.

साडेआठ वर्षं मी प्रश्नपत्रिका आणि प्रगतिपुस्तकांवरचे शेरे सोडून एक ओळ लिहिलेली नाही. तुझं लग्न मोडल्यावर चर्चच्या नाताळ अंकात मी ती गोष्ट लिहिली, तेव्हा तुझं नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, सॅव्हियोला मी बँकेत नोकरीला लावलं होतं. पण लग्नाला अकरा दिवस राहिले असताना त्यानं नकार कळवला, आणि त्या संध्याकाळी गाऊनचे मणी उसवत बसलेली तू मला जे म्हणालीस, ते मी जसंच्या तसं उतरवलं. ‘जोआन, मला वाईट वाटायला हवं ना? मला सुटल्यासारखं वाटतंय, आणि त्याचीच लाज वाटते.’ हे तू मला सांगितलं होतंस, उत्तनला नाही. अंक निघाला आणि सॅव्हियोची आई दारोदार सांगत सुटली, बघा, पोरीलाच नको होतं. मला पहिलं बक्षीस मिळालं. फेब्रुवारीत तू आयर्लंडला गेलीस.

तुला यातलं काही नवीन नाही. मलाही सगळं नीट आठवतं, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे वेळ आहे हाताशी. मार्क बरा आहे. पावसाळ्याच्या मासेमारीबंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागल्यात, सगळ्यांना इंजिनं आत्ताच दुरुस्त करून हवीत, त्यामुळे तो दिवसभर खाडीवरच असतो.

जोआन


उत्तन, २९ जून

ऑड्रे,

मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या होत्या. शाळेला सुट्टी नाही. माझी शाळाच उरली नाही. मराठी माध्यमाचे शेवटचे वर्ग एप्रिलात बंद केले. चौथीत सहा मुलं होती, तिसरीत चार. इंग्रजी विभागाला मराठी विषयाची एकच बाई लागते, ती त्यांच्याकडे आधीपासून आहे. सतरा वर्षांनंतर मला एक शाल, एक घड्याळ आणि ‘ईश्वर तुमचं भलं करो’ मिळालं.

तुझ्यापासून का लपवलं? पहिल्याच पत्रात गरजू दिसायला नको होतं. तुला वाटलं असतं, अडली म्हणून बहीण आठवली.

अडलेय, हे खरं आहे. आणि मार्क बरा नाही, त्याच्या पाठीचा मणका सरकलाय. तो वाकू शकतो, पण वजन उचलू शकत नाही. दोन वर्षं तरी बोटीवर जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. बसून होतील तेवढीच इंजिनं करतो.

म्हणून मी मे महिन्यात ‘घरबसल्या लेखनकाम’ असं शोधत बसले आणि पहिल्याच आठवड्यात फसले. ते लेखन नव्हतंच, टायपिंग होतं. वेबसाइटवर एका बाईचा हसरा फोटो. त्यांनी पाठवलेली अंधूक पानं बघून टाइप करायची, दहा दिवसांत चारशे पानं. मी नऊ दिवसांत दिली. डोळे सुजले होते. अकराव्या दिवशी ईमेल आला की तुमच्या कामात चुका ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत, करार मोडलात, दंड भरा, नाहीतर खटला दाखल होईल. खाली कुठल्याशा वकिलाचा शिक्का. मग फोन सुरू झाले. तो माणूस हिंदीत ओरडायचा, ‘मॅडम, पुलिस घर पे आयेगी.’

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. भात दोनदा करपला. मार्कची आई म्हणाली, ‘दिसभर त्या डबड्याकडं बगून काय मिलतं गो तुला? मास्तरीन व्हतीस ती बरी व्हतीस.’ पाचव्या दिवशी फोन वाजला तो मार्कनं उचलला.

तो मला भाईंदरला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथली हवालदार बाई माझ्याच वयाची. तिनं ईमेल वाचायलाही घेतला नाही.

‘मॅडम, रोज दोन-तीन जण येतात हे घेऊन. कुठला खटला नाय नि काय नाय. पैसे भरले का?’

‘नाही.’

‘मग झालं. नंबर ब्लॉक करा. आणि एक लक्षात ठेवा, काम देणारा आपल्याकडून पैसे मागत नाय. मागितले की समजायचं, तो काम देणारा नाय.’

माझी तक्रार तिनं लिहून घेतली. बाहेर आल्यावर मार्कनं विचारलं, ‘पुन्हा शोधणार?’ मी म्हटलं, हो. ‘मग मला सांगून शोध,’ तो म्हणाला. बस्स, एवढंच.

मी पुन्हा शोधतेय.

जोआन


उत्तन, २० जुलै

ऑड्रे,

उत्तर नाही आलं. मी त्याची वाट बघत नाही असं म्हणणार होते, पण खोटं लिहायचं नाही असं आता ठरवलंय. पोस्टमन दिसला की बघते.

आता मी तीन खऱ्या साइटवर आहे. तिथे लोक कामं टाकतात, कुणाला लेख हवा असतो, कुणाला भाषांतर, आणि आपण ‘मला द्या’ असा अर्ज पाठवायचा. त्याला प्रपोजल म्हणतात. एकेका कामाला पन्नास-पन्नास प्रपोजलं. मी पहिली एकेचाळीस पाठवली. प्रत्येकाची सुरुवात, ‘मला अध्यापनाचा सतरा वर्षांचा अनुभव आहे.’ एकाचंही उत्तर आलं नाही. एकानं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं, ते कशासाठी ते अजून कळलेलं नाही.

बेचाळिसावं लिहायच्या आधी मी ती सगळी मार्कला वाचून दाखवली. तो ओसरीवर इंजिनाचा पंप साफ करत होता.

‘हे कोण वाचणार?’ तो म्हणाला.

‘का?’

‘माझ्याकडे कोण इंजिन घेऊन आला तर मी त्याला सांगतो का, मी किती वर्षं हे करतोय? मी कान लावतो आणि सांगतो, बाबा, तुझा तिसरा इंजेक्टर गेलाय. मग तो दुसरीकडे जातच नाही.’

तेव्हापासून मी आधी कान लावते. गुजरातेतली एक भांड्यांची कंपनी प्रेशर कुकरच्या माहितीपुस्तिकेसाठी मराठी लेखक शोधत होती. त्यांची जुनी पुस्तिका साइटवरच होती. मशीननं भाषांतर केलेली. मी त्यांना लिहिलं, ‘तुमच्या सहाव्या पानावर कुकर तीन वेळा शीळ घालतो. आमच्याकडे कुकर शिट्टी देतो, शीळ रस्त्यावरची पोरं घालतात. अकराव्या पानावर तुम्ही बाईला झाकणावर “रबराची अंगठी” घालायला सांगितलीय. आणखी चौदा चुका सोबत आहेत.’

तासाभरात उत्तर आलं. काम मिळालं.

ऑड्रे, मी चोवीस पानं तीनदा तपासून दिली. साइटवर माझ्या नावापुढे पाच चांदण्या आल्या आणि खाली एक ओळ, ‘बहुत ध्यान से काम करती हैं.’ मी ती मार्कच्या आईला वाचून दाखवली. तिनं विचारलं, ‘त्यानं भात शिजंल ना?’ मी म्हटलं, या महिन्याचा शिजेल.

आता कळतंय, मशीन फुकटात लिहून देतं म्हणून लोक सगळं मशीनकडून करून घेतात, आणि मग ते माणसांना वाचता यावं म्हणून माणूस शोधतात. माझ्यासारखीला त्या फटीतून आत शिरायचंय. शिरेन.

जोआन


उत्तन, १७ ऑगस्ट

ऑड्रे,

बंदी उठली, समुद्र उघडला. मार्क किनाऱ्यावर उभा राहून दुसऱ्यांच्या बोटी जाताना बघत होता. मी हाक मारली नाही.

कामं येतायत, पण बरी-वाईट सगळी. पुण्याच्या एका माणसानं ‘सँपल’ म्हणून वास्तूवरचे तीन लेख लिहून घेतले, मग गप्प झाला. आठवड्यानं तेच लेख त्याच्या वेबसाइटवर दिसले. आता मी सँपल म्हणून एक परिच्छेद देते, त्यापुढे नाही. एका मुलीला तिचा एम.ए.चा प्रबंध लिहून हवा होता. ती बिचारी नोकरी करते, मूल लहान आहे, सगळं कळलं मला, तरी मी नाही म्हटलं. कसं लिहायचं ते शिकवते म्हटलं तर ती गेली. एकाला हॉटेलबद्दल साठ खोटे अभिप्राय हवे होते, वेगवेगळ्या नावांनी. ते मला सहज जमलं असतं, म्हणून जास्तच पटकन नाही म्हटलं.

गेल्या आठवड्यात साइटवरूनच मोठं काम चालून आलं. मुंबईची एक कंपनी आहे, लोक फोनवर ऐकतात अशा गोष्टी तयार करते. त्यांना मराठीत ‘खऱ्या घरांतल्या खऱ्या गोष्टी’ हव्यात. एकाच घराची गोष्ट, वीस भाग. तिथली मृणालिनी नावाची बाई हे सगळं बघते. काम मिळालं तर वर्षभर दुसरं काही शोधायला नको. मार्कच्या फिजिओथेरपीचं निघेल, आणि मला रोज लिहायला मिळेल. माहितीपुस्तिका नाही, खरंखुरं लिहायला.

काय लिहावं याचा विचार करतेय.

जोआन


उत्तन, २५ ऑगस्ट

ऑड्रे,

हे पत्र मी चारदा सुरू केलंय.

मी विचार करत नव्हते. मागचं पत्र टाकलं त्याच्या पाच दिवस आधीच मी एका परिच्छेदाचा नियम मोडून त्यांना अख्खा पहिला भाग पाठवून दिला होता. बसले आणि दोन तासांत लिहून झाला, एका शब्दाला अडले नाही. अडणार कशी? तो आधी एकदा लिहिलेला होता. दोन बहिणी, मोडलेलं लग्न, मणी. आणि ते वाक्य.

या वेळी मी घर रत्नागिरीत नेलं होतं. धाकटीला मोठी केली होती. हे बदलताना मला वाटत होतं, आपण काळजी घेतोय.

शुक्रवारी मृणालिनीचा फोन आला. चांगली बाई आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे दोनशे सँपल आली होती. तुमचं निवडलंय. ती म्हणते ना, सुटल्यासारखं वाटतंय आणि त्याचीच लाज वाटते, ते आम्ही सगळ्यांनी पुन्हा वाचलं. करार पाठवलाय, सोमवारपर्यंत सही करून द्या.’

मला आनंद झाला, ऑड्रे. हे लिहायला हवं. आधी आनंद झाला. चांगली दहा मिनिटं. मी करार उघडला, वाचला. चौथ्या कलमात होतं, ‘ही कथा लेखिकेची स्वतःची आहे.’ तिथे मी थांबले.

शनिवारभर मी स्वतःशी भांडले. सॅव्हियोची आई वारली. उत्तनात आता ते कुणाच्या तोंडी नाही. तू तीन समुद्र पलीकडे आहेस, तू मराठी गोष्टी कशाला ऐकशील. घरात पैसा हवाय. सगळी कारणं खरी होती. मार्कला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुझं काम आहे, तू ठरव. पण विचारलंस का तिला?’

मला तुला विचारता आलं असतं. पत्र पोचायला दोन आठवडे आणि करार सोमवारचा, हे निमित्त मी लगेच पुढे केलं. खरं म्हणजे तू नाही म्हणशील हे ठाऊक होतं, म्हणून विचारायचं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीही असंच.

आज सोमवार. सकाळी मृणालिनीला फोन केला.

‘ही गोष्ट मला देता येणार नाही. माझी नाही ती.’

‘म्हणजे, कुठून घेतलीय?’

‘माझ्या बहिणीची आहे. तिला विचारलेलं नाही.’

‘अहो ताई, नाव बदलू, गाव बदलू. कोण ओळखणार?’

‘ती ओळखेल,’ मी म्हटलं.

मग ती म्हणाली, दुसरी गोष्ट द्याल का? मी दोन विषय सांगितले. तिनं ऐकून घेतलं, पण तिला हीच हवी होती. आता तिथे दुसरं कुणीतरी लिहील. कबूल केलेलं काम सोडलं म्हणून साइटवर माझ्या नावापुढे तशी खूण पडलीय, पाचांतली एक चांदणी गेली.

तो भाग मी लॅपटॉपवरून काढून टाकला. त्यांनीही काढला, तसं मृणालिनीनं लिहून दिलंय. तरी तिथल्या पाच-सहा जणांनी तो वाचला. ते मला परत घेता येत नाही. तुझ्या विश्वासाचा मी दुसऱ्यांदा घात केला, आणि या वेळी तुला कळलंही नसतं. म्हणून कळवतेय.

या पत्राला उत्तर आलं नाही तर मला समजेल.

जोआन


उत्तन, २८ सप्टेंबर

ऑड्रे,

महिना कोरडा गेला. त्या एका खुणेमुळे लोक प्रोफाइल उघडतात आणि पुढे जातात. मी रोज सकाळी आठ ते दहा या वेळात प्रपोजलं पाठवायची, शाळेच्या वेळेसारखी. घंटा तेवढी नव्हती. मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी शंभराच्या वर गेली असतील. मधे एका लोणचेवाल्याची लेबलं लिहिली, एका शाळेची प्रार्थना शुद्ध करून दिली. फणा काढून बसलेली निराशा होती, तिला रोज दहानंतर भेटायचं असं ठरवलं होतं. दहानंतर स्वयंपाक असतो, मग ती राहून जायची.

मग गेल्या सोमवारी एक काम मिळालं, आणि ते मला मनापासून हवं होतं. दवाखान्यांसाठी माहितीपत्रकं बनवणारी एक संस्था आहे. डायलिसिसच्या रुग्णांना घरी न्यायला द्यायची पाच पत्रकं, साध्या मराठीत. तिथल्या सुचेता कर्णिक म्हणून बाईंनी माझी ती खूण बघितली आणि सरळ विचारलं, ‘काम का सोडलं होतं?’ मी सांगितलं, दुसऱ्याची गोष्ट न विचारता लिहिली होती म्हणून. त्या म्हणाल्या, ‘बरं. उद्यापासून सुरू करा.’

त्यांनी दिलेला मजकूर मशीनचाच होता. ‘रुग्णाने द्रवसेवनावर निर्बंध पाळावेत.’ मी मीरा रोडला एका डायलिसिस सेंटरवर जाऊन दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसले, परवानगी घेऊन. तिथे एक मावशी होत्या, ममता नावाच्या, घोडबंदरच्या. त्यांना मी तो कागद दाखवला. म्हणाल्या, ‘हे डॉक्टरसाठी आहे ना? आमचा कागद कुठंय?’ तो त्यांचाच कागद होता.

पहिलं पत्रक लिहून झालंय. हातातल्या फिस्टुलाची काळजी; मी ‘डायलिसिसच्या सुईसाठी जोडून केलेली शीर’ असं लिहिलंय. सोबत पाठवतेय.

तू तिकडे डायलिसिसच्याच विभागात नर्स आहेस, हे टॅनियाकडून कळलं. तुला हे काम करायला सांगत नाहीये. उत्तरही मागत नाहीये. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझी चूक झाली तर ती एखाद्या मावशीच्या हातावर निघेल. सुचेताबाईंचे डॉक्टर तपासणार आहेतच. पण डॉक्टर अर्थ तपासतील. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कुणी हे वाचलं तर कसं वाटेल, ते त्यांना कळेल का, ठाऊक नाही.

न वाचता टाकून दिलंस तरी चालेल.

जोआन


उत्तन, ९ नोव्हेंबर

ऑड्रे,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. पोस्टमननं ते मार्कच्या आईकडे दिलं आणि तिनं ते पिठाच्या डब्यावर ठेवलं, त्यामुळे मला संध्याकाळी कळलं. आत पत्र नव्हतं. माझंच पत्रक होतं, लाल पेनानं रंगवलेलं. ओसरीच्या पायरीवर बसून वाचलं. मार्क आत गेला आणि आईलाही आत घेऊन गेला.

एकूण तेवीस दुरुस्त्या. काही मी इथे उतरवतेय, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल.

‘“कंपन जाणवते का ते तपासा” असं कोण बोलतं? मांजर घुरघुरतं तसं बोटांना लागलं पाहिजे, असं लिही. लागलं नाही तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.’

‘त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, हे आठव्या ओळीत? पहिल्या ओळीत हवं.’

‘बांगड्या लिहिलंस ते बरोबर. पण आपल्या बायका पिशवी कोपरात अडकवतात. ते लिही.’

आणि मागच्या कोऱ्या बाजूला, मी न विचारलेल्या पुढच्या पत्रकांबद्दल: ‘पाणी कमी प्या म्हणजे पेल्यातलं, असं सगळ्यांना वाटतं. चहा, ताक, आमटी, बर्फ, सगळं पाणीच. “मीठ कमी” लिहून उपयोग नाही. पापड, लोणचं, खारं, एकेकाचं नाव घे. शहाळं चांगलं म्हणून पाजतात, ते नको, तेही घाल.’

अगदी खाली, वेगळ्या पेनानं, तीन वाक्यं. ‘ऑगस्टचं पत्र वाचलं. माफ केलेलं नाही. उरलेली चार पाठव.’

मी ती तीन वाक्यं कुणाला वाचून दाखवली नाहीत. मार्कनं विचारलं, काय लिहिलंय, तर मी दुरुस्त्या दाखवल्या. तो म्हणाला, ‘ही बाई कान लावते.’

सगळ्या तेवीस दुरुस्त्या घेतल्या. सुचेताबाईंच्या डॉक्टरांनी एकही शब्द बदलला नाही. बाईंनी विचारलं, कुणाची मदत घेतली? मी म्हटलं, एक नर्स आहे, नाव तिला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांना पत्रकावर ‘तपासणी’ म्हणून तुझं नाव छापायचंय. त्यासाठी तुझा वेगळा मोबदला त्या देतील. एका नर्सचं नाव असलं की लोकांचा विश्वास बसतो, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून विचारतेय. छापू का? हो म्हणालीस तर कसं लिहायचं तेही सांग. नाही म्हणालीस तर नाही. तोवर ती जागा कोरी आहे आणि पत्रकं छापायला गेलेली नाहीत. सुचेताबाईंना मी तसं सांगितलंय. त्या थोड्या रागावल्या, पण थांबल्यात.

उरलेली चार सोबत.

जोआन


उत्तन, ७ डिसेंबर

ऑड्रे बाय,

पत्रकं छापून आली. पाचही पाठवतेय. उलटसुलट करून बघ, तुझं नाव कुठेही नाही. ‘काम घे, नाव नको,’ असा तुझा निरोप, चारही पत्रकांच्या दुरुस्त्यांच्या फोटोंसोबत, टॅनियाच्या फोनवरून आला तेव्हा मी सुचेताबाईंना तेच शब्द वाचून दाखवले. त्यांनी दोनदा आग्रह केला. मी दोनदा नाही म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, मग फक्त तुमचं टाकू. तेही मी नको म्हटलं. तेवीस आणि नंतरच्या एकेचाळीस दुरुस्त्या घेऊन एकटीचं नाव लावलं असतं तर ते पुन्हा तसंच झालं असतं.

बाईंनी आता मधुमेहाची सहा पत्रकं दिलीत, पहिलं पायांच्या काळजीचं, हे टॅनियाकडून तुला कळलंच असेल, आणि वर्षभराचं काम देऊ म्हणाल्यात. कागदावर आहे, मी वाचून सही केली. साइटवर माझी चांदणी अजून परत आलेली नाही. येईल तेव्हा येईल. मी आता रोज आठ ते दहा प्रपोजलं पाठवत नाही, त्या वेळात लिहिते.

बुधवारी मीरा रोडला सेंटरवर गेले होते. ममतामावशींच्या सुनेनं पत्रक भिंतीला चिकटवलंय म्हणे, मीठमसाल्याच्या डब्यांच्या वर. मावशी म्हणाल्या, ‘आता मला कुणी शहाळं पाजत नाही. तुझ्यामुळे गेलं.’ चिडल्या होत्या जरा.

गेल्या रविवारी तुझा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, मला वाटलं पुन्हा तोच खटलेवाला. तू म्हणालीस, ‘मी बोलतेय,’ आणि मला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच आठवलं नाही. तूही काही विचारलं नाहीस, ना मार्कचं, ना घराचं. एवढंच म्हणालीस, ‘पायांचं पत्रक कुठपर्यंत आलं? वाच.’

मी वाचायला लागले. तुझ्या मागे कुठलं तरी यंत्र टिकटिकत होतं, तू बहुतेक ड्यूटीवरच होतीस. पहिल्या परिच्छेदात तू दोनदा अडवलंस. ‘अनवाणी चालू नये’ याच्यापुढे मी ‘घरातसुद्धा’ लिहिलं नव्हतं. मग नखांची ओळ आली, ती मी मोठ्या अभिमानानं वाचली, मला ती फार साधी झालीय असं वाटत होतं. ती पुरी व्हायच्या आत तू म्हणालीस, ‘असं न्हाय गो, जोआन. पुन्यांदा वाच.’

मी पुन्हा वाचली. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल नाही, हे तू सांगितलंस तसं घातलंय. दुरुस्त पान सोबत आहे. बघून कळव.

जोआन